पोटातले द्राक्षघड

सांगली आकाशवाणीच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडं धरून मी पाहत होतो. शेजारी उभे असलेले मामा एकदम म्हणाले, "डॉक्टर, हे तर घड लागल्यागत दिसतंय." मामा तासगाव तालुक्यातले, तीस वर्षांचे द्राक्षबागायतदार. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतोय, पण ते बोलले ते अगदी नेमकं होतं. मोठ्या आतड्याच्या भिंतीत काळे, गोल फुगे एकमेकांना चिकटून बसले होते. काही वाटाण्याएवढे, काही थेट सोनाका द्राक्षाच्या मण्याएवढे. फिल्मवर काळं दिसतं तिथं हवा असते.

या आजाराचं नाव लांबलचक आहे, न्यूमॅटोसिस सिस्टॉइडिस इंटेस्टिनॅलिस. आपण वायूचे फोड म्हणू. गॅस झाला म्हणून आपण ओवा खातो, तो गॅस आतड्याच्या पोकळीत असतो आणि वाट मिळाली की निघून जातो. हा वायू भिंतीच्या आत, थरांमध्ये कोंडलेला असतो. मामांना चार महिन्यांपासून पोटात गुबारा धरायचा, दिवसातून सहा-सात वेळा जावं लागायचं, आव पडायची, मधूनच रक्ताचा ठिपका दिसायचा. घरच्यांनी मनात कॅन्सर धरला होता. मामींनी तर जेवणच सोडलं होतं.

त्यांची भीती निराधार नव्हती. दुर्बिणीतून पाहिलं की हे फोड मस्सा किंवा गाठ असल्यासारखेच दिसतात. पण चिमट्यानं दाबले की दबतात, टोचले तर हवा निघून बसतात. आत नायट्रोजनबरोबर बऱ्याचदा हायड्रोजनही असतो आणि तो पेट घेणारा वायू आहे, म्हणून तिथं विजेच्या तारेनं काही कापताना फार जपावं लागतं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनातून गेलेली नाही. मी शिकत होतो तेव्हाची. एका रुग्णाच्या एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली. आतडं फुटलं की अशी हवा दिसते, त्यामुळं रातोरात पोट उघडलं. आत पू नाही, भोक नाही. आतड्यावर फक्त असे फोड, त्यातले काही फुटून हवा पोटात आलेली. पोट परत शिवलं. त्या माणसाचं पोट ऑपरेशनआधी मऊ होतं, ताप नव्हता, तो आमच्याशी नीट बोलत होता. आम्ही फिल्म पाहिली, माणूस पाहिला नाही. त्याच्या पोटावरचा तो वीतभर व्रण मला अजून दिसतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी ठासून सांगणार आहे. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तरी भिंतीत हवा दिसते. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडू लागलं तरी दिसते. पोट लाकडासारखं कडक, असह्य दुखणं, ताप, रक्तदाब खाली, अशी लक्षणं असतील तर एक तासही घालवायचा नाही. तिथं नुसत्या ऑक्सिजननं भागत नाही, बहुतेकदा सर्जनच लागतो.

मामांचं पोट मऊ होतं. रक्ताचे रिपोर्ट बरे होते. मी म्हणालो, आपण ऑक्सिजन देऊ. मामा माझ्याकडं बघतच राहिले. "कापायचं न्हाई, आणि नुसती हवा? हवेनं झालेलं दुखणं हवेनं कसं जाईल?"

मी त्यांना विचारलं, बेदाणा कसा होतो? ते लगेच म्हणाले, बाहेरची हवा कोरडी असली की मण्यातलं पाणी सालीतून निघून जातं. आणि अवकाळीचं ढगाळ वातावरण आलं की? "मग सुकत न्हाई. माल काळा पडतो." तेच इथं आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन. नायट्रोजन शरीर वापरत नाही, त्यामुळं रक्त त्यानं कायम भरलेलं असतं, दमट हवेसारखं. मग फोडातल्या नायट्रोजननं जायचं कुठं? माणसाला 70 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन दिला की फुफ्फुसातला नायट्रोजन घटतो, पाठोपाठ रक्तातला घटतो. आता रक्त कोरडं झालं. फोडातले वायू रक्तात उतरतात आणि श्वासावाटे बाहेर पडतात. त्यांच्या जागी ऑक्सिजन शिरतो खरा, पण तो आतड्याच्या पेशी वापरून टाकतात. फोड आक्रसत जातो. शिवाय वायू करणाऱ्या ज्या जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही, त्यांनाही त्याचा त्रास होतो.

हे कुणाच्या डोक्यात आलं, तर छातीच्या डॉक्टरांच्या. इंग्लंडमधले पॉल फॉरगॅक्स, फुफ्फुसांच्या आवाजांचा अभ्यास केलेला माणूस. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1973 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा उपचार मांडला. पुढं 1978 मध्ये दाबाच्या बंद कक्षात ऑक्सिजन देण्याचा अनुभवही छापून आला. पोटाच्या दुखण्याचं उत्तर छातीकडून यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मामांच्या पुतण्यानं कोविडात घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर मशीन घरी होतं. "तेच लावू की!" श्रोतेहो, हे कृपा करून करू नका. नाकातल्या नळीनं 5 लिटर लावलं तर ऑक्सिजन जेमतेम 40 टक्क्यांपर्यंत जातो. या कामाला राखीव पिशवीचा मास्क आणि देखरेख लागते. जास्त ऑक्सिजन दिवसेंदिवस दिला तर तो फुफ्फुसालाच बाधतो, छातीच्या मधोमध दुखतं, कोरडा खोकला लागतो. जुना दमा-खोकला असलेल्या काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. आणि ऑक्सिजनजवळ विडी, उदबत्ती, निरांजन काहीही नको.

ऑक्सिजन सुरू करण्याआधी मी मामांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली होती. तिच्यात व्होग्लिबोज निघाली. जेवणाबरोबर घ्यायची ही मधुमेहाची गोळी, तशीच अकार्बोज. या गोळ्या पिष्टाचं पचन लांबवतात. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं, जंतू ते आंबवतात, वायू होतो. ही गोळी घेणाऱ्यांत असे फोड झाल्याच्या नोंदी आहेत, जपानमधून बऱ्याच. लाखो लोक या गोळ्या घेतात आणि त्यांना काही होत नाही, म्हणून ऐकल्याबरोबर बंद करू नका. पण पोट बिघडलं तर डॉक्टरांना प्रत्येक गोळी दाखवा. मामांची गोळी त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांशी बोलून बदलली.

मग आठ दिवस मास्क. जेवायला, आंघोळीला तेवढा काढायचा. नाकाच्या दांड्यावर वळ उठला, तिथं मामी कापसाची घडी ठेवायच्या. पाचव्या दिवशी धोतराची गाठ सैल झाली म्हणून मामांनी मला हाक मारून दाखवली. फोड जवळपास दिसेनासे झाल्यावरही आणखी 2 दिवस ऑक्सिजन चालू ठेवला, कारण अर्धवट सोडलं की ते पुन्हा फुगतात. पूर्ण जाऊनही काहींना परत होतात, हेही मी त्यांना सांगितलंय.

मामा तीन महिन्यांनी आले होते. आव थांबली होती. नव्या फिल्मवर एका कोपऱ्यात दोन बारीक ठिपके उरले होते. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हे दोन मणी राहिलेत." मी म्हटलं, राहू देत, त्रास नसेल तर त्यांना काही करायचं नाही. सहा महिन्यांनी परत बघू.

नमस्कार.