चिठ्ठीतली एक दुरुस्ती: आयझेनहॉवर, सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष

श्रोतेहो, आजच्या विषयाची सुरुवात एका कागदापासून करतो. ५ जून १९४४. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळ, दोस्त राष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर यांनी एका छोट्या कागदावर पेन्सिलीने चार वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशीचं, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरचं आक्रमण फसलं तर जाहीर करायचा मजकूर. मनावर ताण इतका, की तारीख घालताना जूनऐवजी जुलै लिहिलं गेलं. त्यात एक खाडाखोड आहे. आधी लिहिलं होतं, ‘सैन्य मागे घेण्यात आलं आहे.’ ते खोडून त्यांनी केलं, ‘मी सैन्य मागे घेतलं आहे.’ शाळेत आपण कर्मणी आणि कर्तरी प्रयोग शिकतो, तोच हा फरक. शेवटचं वाक्य असं, की काही दोष असेल तर तो एकट्या माझा. ती चिठ्ठी वापरावी लागली नाही. पण या माणसाचं राष्ट्राध्यक्षपद समजून घ्यायचं, तर त्याने ‘मी’ कुठे लिहिलं आणि कुठे गाळलं, हे बघत जावं असं मला वाटतं.

हा माणूस रणांगणावर गाजलेला नव्हता. जन्म १८९०चा, टेक्सासमधल्या डेनिसनचा. बालपण कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनमध्ये. १९१५ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १६४ जणांत ६१वा आला. पहिल्या महायुद्धात परदेशी जाण्याची संधी मिळाली नाही. गेटिसबर्गला रणगाडा दलाचं प्रशिक्षण देत राहिला. पुढे जवळपास सोळा वर्षं मेजरच्या हुद्द्यावर अडकला. मात्र या काळात त्याची नजर तयार झाली. १९१९ साली लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला ८१ वाहनांचा ताफा नेला, त्यात तो निरीक्षक होता. सुमारे ३,२५० मैलांना ६२ दिवस लागले. सरासरी वेग ताशी सहा मैलांच्या आसपास. लाकडी पूल ट्रकच्या वजनाने मोडत होते, पश्चिमेकडे चाकं वाळूत रुतत होती. फौज लढायच्या आधी पोहोचावी लागते, हा धडा त्याने तिथे गिरवला.

आता जून १९४४चा निर्णय जरा बारकाईने पाहू, कारण ‘धाडसी निर्णय’ म्हणून सोडून दिलं तर त्यातलं काहीच कळत नाही. उतरायला दोन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्या होत्या. पहाट झाल्यावर लगेच ओहोटी, म्हणजे जर्मन सेनापती रोमेलने किनाऱ्यावर रोवलेले अडथळे उघडे पडतील आणि इंजिनिअर ते उडवतील. मग चढत्या भरतीवर नावा आत येतील. आणि आदल्या रात्री छत्रीधारी सैनिकांसाठी चंद्रप्रकाश. हे दोन्ही जुळत होतं फक्त ५, ६ आणि ७ जूनला. बेत ५ तारखेचा होता. ४ तारखेच्या पहाटे हवामान अधिकारी जेम्स स्टॅग यांनी वादळाचा इशारा दिला आणि आयझेनहॉवरने मोहीम एक दिवस पुढे ढकलली. पण काही जहाजं आधीच समुद्रात होती. ती परत फिरवायची, त्यांत इंधन भरायचं. पुन्हा पुन्हा ढकलणं शक्यच नव्हतं. त्या रात्री स्टॅगने सांगितलं की वादळात थोडी उघडीप मिळेल. हा अंदाज ज्या नोंदींवर उभा होता, त्यांत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅकसॉडचे वायुभार मापकाचे आकडे होते. ५ तारखेच्या पहाटे निर्णय पक्का झाला. न जाता दोन आठवडे थांबले असते, तर पुढची सोयीची भरती-ओहोटी १९ जूनच्या सुमाराला होती. आणि त्याच दिवशी उठलेल्या वादळाने नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर दोस्तांनी उभारलेलं कृत्रिम बंदर मोडून टाकलं.

विमानदलाचे प्रमुख ली-मॅलरी यांचा छत्रीधारी तुकड्या उतरवायला ठाम विरोध होता; त्यांत प्रचंड माणसं मरतील असं त्यांनी बजावलं होतं. आयझेनहॉवरने ते ऐकून घेतलं आणि तुकड्या पाठवल्याच. ५ तारखेच्या संध्याकाळी ग्रीनहॅम कॉमनच्या धावपट्टीवर, तोंडाला काळं फासून निघालेल्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या जवानांमध्ये जाऊन तो उभा राहिला. ही डिव्हिजन लक्षात ठेवा.

त्याच्या चुका झाकायचं कारण नाही. ४ सप्टेंबर १९४४ला बेल्जियममधलं अँटवर्प बंदर जवळजवळ शाबूत हाती आलं, पण समुद्राकडून तिथे जाणारी शेल्ड नदीची खाडी जर्मनांकडे राहिली. खाडी आधी मोकळी करा, असा स्पष्ट हुकूम ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीला वेळेवर गेला नाही. पहिला मोठा जहाजताफा अँटवर्पला लागला तो २८ नोव्हेंबरला. तोवर फ्रान्समधले रेल्वेमार्ग दोस्तांच्याच बाँबनी उखडलेले. पेट्रोल आणि दारूगोळा ट्रकांनी वाहायचा. ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाने जवळपास सहा हजार ट्रक रात्रंदिवस पळाले, आणि चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते. तरी आघाडीवर इंधन कमीच पडलं.

१९५२ साली तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं. डेट्रॉइटच्या सभेत म्हणाला, मी कोरियाला जाईन. पुन्हा ‘मी’. निवडून आल्यावर, शपथ घेण्याआधीच, गेलाही. २७ जुलै १९५३ला युद्धविराम झाला. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय फौजेकडे आला. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मराठी माणसाने हे विसरू नये.

पण त्याच प्रचारात दुसरी खाडाखोड झाली. सिनेटर मॅकार्थी यांनी जनरल जॉर्ज मार्शल यांच्यावर देशद्रोहाच्या कटाचे आरोप केले होते. मार्शल म्हणजे आयझेनहॉवरला वर आणणारा माणूस. मॅकार्थींच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीच्या भाषणात मार्शल यांची बाजू घेणारा एक परिच्छेद होता. स्थानिक पुढाऱ्यांनी गळ घातली, मतं जातील म्हणाले, आणि परिच्छेद वगळला गेला. पत्रकारांना तो आधीच कळलेला होता, त्यामुळे वगळणंच बातमी ठरलं. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत उणा क्षण वाटतो.

अध्यक्ष म्हणून त्याने पडद्याआड राहून काम करायची पद्धत बसवली. ती रस्त्यांच्या बाबतीत नामी लागू पडली. जनरल ल्युशस क्ले यांच्या समितीने कर्जरोखे काढून महामार्ग बांधायची योजना दिली. १९५५ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती फेटाळली. कर्जाला विरोध होता. मग आयझेनहॉवरने रोख्यांचा हट्ट सोडला. पेट्रोलवरचा कर गॅलनमागे दोनाचा तीन सेंट करायचा आणि तो पैसा वेगळ्या निधीत टाकायचा, असं ठरलं. २९ जून १९५६ला, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असतानाच, त्याने कायद्यावर सही केली: ४१,००० मैल, खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा. घोळ झाला तो शहरांत. महामार्ग थेट वस्त्यांतून घुसले, आणि अनेक ठिकाणी गरीब कृष्णवर्णीय मोहल्ले उठले.

१९५७ला अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, उभी करून नऊ कृष्णवर्णीय मुलांना तोवर गोऱ्यांसाठीच असलेल्या शाळेच्या दारातून परत पाठवलं. आयझेनहॉवरने आधी तडजोड करून पाहिली. जमाव आवरेना तेव्हा २४ सप्टेंबरला दोन हुकूम निघाले. नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतलं, म्हणजे गव्हर्नरच्या हातातली काठीच गेली; आणि सुमारे हजार जवान पाठवले, त्याच १०१व्या डिव्हिजनचे. मुलं त्यांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. पण भाषणात तो कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल बोलला. शाळांतला वर्णभेद बंद करणारा न्यायालयाचा निकाल मला पटतो, असं तो अध्यक्ष असताना जाहीरपणे कधी म्हणाला नाही. फौज पाठवणाऱ्याचं एवढं एक वाक्य दक्षिणेत फार कामाला आलं असतं.

इराणमध्ये १९५३ साली मोसादेग यांचं सरकार उलथवणाऱ्या गुप्त कारवाईला त्याची मंजुरी होती. तिथेही ‘मी’ नाही.

तो ‘मी’ परत आला मे १९६०मध्ये. १ मेला अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान सोव्हिएत हद्दीत पडलं. एवढ्या उंचीवरून पडल्यावर वैमानिक वाचणारच नाही, असं गृहीत धरून हवामान संशोधनाचं विमान वाट चुकलं अशी थाप मारली गेली. ७ मेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केलं की वैमानिक जिवंत आहे. सोबत एक पळवाटही ठेवली, की अध्यक्षांना हे ठाऊक नसावं. एखाद्या अधिकाऱ्याला घरी पाठवलं की प्रकरण मिटवता आलं असतं. आयझेनहॉवरने नकार दिला आणि ११ मेच्या पत्रकार परिषदेत अशा टेहळणीचं उघड समर्थन केलं. पाच दिवसांनी पॅरिसची शिखर परिषद मोडली, आणि जूनमध्ये ठरलेल्या मॉस्को भेटीचं आमंत्रण रद्द झालं.