श्वास रोखून टिपलेले हिमकण

काळी पाटी. भुरभुरणाऱ्या बर्फात जराशी धरली आणि लगेच आत आणली. इथे शेगडी नाही. बाहेर जितकी थंडी, तितकीच आत, आणि ती हवीच. पाटीवर टेकलेल्या कणांतून एक निवडायचा, झाडूच्या काडीनं अलगद उचलायचा, काचेवर ठेवून पिसानं हलकेच दाबून बसवायचा. तोवर श्वास रोखलेला. एक ऊबदार उसासा, की कण गेला.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकऱ्याचा मुलगा, विल्सन बेंटली. आई पूर्वी शिक्षिका होती. पंधराव्या वर्षी तिनं दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून हिमकण पाहिले आणि त्याला दुसरं काही सुचेना. आधी चित्रं काढली. पण चित्र पुरं व्हायच्या आत कण विरून जाई. मग वडिलांनी कॅमेरा घेऊन दिला. बऱ्याच खटपटींनंतर, १५ जानेवारी १८८५ रोजी, एकोणीस वर्षांच्या या पोरानं पहिला हिमस्फटिक फोटोत पकडला.

बाजू सहाच का? पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचले जातात म्हणून. भुजांना फाटे कसे फुटायचे, ते ढगातली थंडी आणि बाष्प ठरवतं.

पाच हजारांहून जास्त फोटो काढले बेंटलींनी. त्यातल्या दोन हजार चारशेंवर फोटोंचं पुस्तक नोव्हेंबर १९३१ मध्ये निघालं. २३ डिसेंबरला न्यूमोनियानं ते गेले.

पण त्यांच्या फोटोंतला, स्फटिकामागचा हा काळा रंग बघा. बर्फ पारदर्शक. मागून उजेड सोडला, तर उजळ पडद्यावर फिका स्फटिक दिसतो. म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत करत आणि स्फटिकाभोवतीचा लेप चाकूनं खरवडून काढत. छापताना तेवढा भाग काळा उमटे. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांना हे पटलं नाही. अशानं स्फटिकाची कडच बिघडते, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त होती. शिवाय बहुतेक हिमकण मोडके, वेडेवाकडे असतात. बेंटली देखणे तेवढे वेचत. तरी मला या खरवडण्यात लबाडी दिसत नाही. आपण पाहिलेलं जेरिकोबाहेरच्या माणसांनाही दिसावं, याची ती तळमळ आहे.

आता अशा एखाद्या फोटोत स्फटिकाच्या कडेवर नजर ठेवा. भुजेच्या टोकाशी पोचलेला चाकू हळूच वळलाय, फाट्याच्या खाचेत शिरलाय, परत बाहेर आलाय. मग पुढची भुजा. अशा सहा.