वर्डच्या टेबलमध्ये कर्सर गायब होतोय? आधी रोची हाइट बघा
नमस्कार मंडळी! वर्डच्या व्हिडिओंखाली सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की टेबलमध्ये कर्सर ऐकत नाही, भलतीकडेच जातो, कधी दिसतच नाही. तर आज फक्त तेवढंच बघू.

बेसिक पटकन सांगते. टॅबने पुढचा सेल, शिफ्ट टॅबने मागचा. शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवीन रो येते, नको असेल तर कंट्रोल झेड. सेलच्या आत टॅबची जागा सोडायची असेल तर कंट्रोल टॅब. झालं, हे बहुतेकांना येतं.

आता खरं दुखणं. एका ताईंची कमेंट आहे, त्या शिक्षिका आहेत, प्रश्नपत्रिका टेबलमध्ये करतात. त्या म्हणतात, दोन ओळी टाइप होतात, तिसऱ्या ओळीला कर्सर जातो कुठे कळतच नाही, मग मी एंटर मारत बसते. ताई, एंटर मारू नका, प्लीज! कर्सर तिथेच आहे आणि तुमचा मजकूरपण तिथेच आहे, फक्त रोची उंची कुणीतरी फिक्स करून ठेवलीय, त्यामुळे खालचं सगळं झाकलं जातंय. पूर्ण टेबल सिलेक्ट करा, डाव्या कोपऱ्यावर चार बाणांचं चिन्ह येतं त्यावर क्लिक करून. मग राइट क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, त्यात रो नावाचा टॅब. तिथे 'स्पेसिफाय हाइट'च्या शेजारी 'एक्झॅक्टली' असं असेल, ते 'ॲट लीस्ट' करा, ओके. लगेच सेल खाली वाढतो आणि दडलेलं सगळं बाहेर येतं.

आता कुणीतरी म्हणेल, आम्ही तर एक्झॅक्टली कधी केलंच नाही. बरोबर आहे, तुम्ही नाही केलं. नुसती रेघ माउसने ओढून रो मोठी केली तर 'ॲट लीस्ट'च लागतं. पण आपण नवीन टेबल करतोच कधी? कुठूनतरी आलेला जुना नमुना उघडायचा, नावं बदलायची, सेव्ह ॲज. माझ्याकडे एका ऑफिसमधून असाच फॉर्म आला होता, पत्त्याचा रकाना एवढासा, त्यात आपला मराठी पत्ता, मुक्काम पोस्ट तालुका जिल्हा, मावणार कसा! मला ना याचा खरंच राग येतो, फॉर्म बनवणाऱ्याने तो सेटिंग ठेवून दिला आणि भरणारा माणूस बिचारा समजतो की मलाच कॉम्प्युटर येत नाही.

आणि मराठीत टाइप करणाऱ्यांना हे जास्त नडतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे मंगलसारख्या फॉन्टला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. इंग्रजी नमुन्यात नीट बसलेली रो मराठीत कापली जाते. मात्रा छाटलेल्या दिसल्या की फॉन्ट खराब झाला म्हणून दुसरा फॉन्ट शोधू नका, आधी एक्झॅक्टली बघा. रो बरोबर असूनही कापलं जात असेल तर पॅराग्राफच्या लाइन स्पेसिंगमध्येही एक एक्झॅक्टली असतं, तिथे सिंगल करा.

जोडाक्षराचं पण विचारलंय, की बाण दाबला तर कर्सर 'क्ष'च्या मध्ये थांबत नाही. तो बिघाड नाहीये. क, हलन्त आणि ष मिळून ते एक अक्षर झालंय म्हणून कर्सर पूर्ण उडी मारतो. शेवटचाच भाग बदलायचा असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस मारा, एकेक तुकडा जातो. डिलीट मारलंत तर अख्खं अक्षर जाईल.

टेबलच्या वर हेडिंग टाकायचंय आणि कर्सर वर जातच नाही? पहिल्या रोमध्ये उभे राहा, कंट्रोल शिफ्ट एंटर, वर रिकामी ओळ मिळते.

टेबलच्या शेजारीच मजकूर घुसतोय, बाण दाबला की कर्सर बाजूला पळतोय, तर टेबल हाताने ओढलं गेलंय. टेबल प्रॉपर्टीजमध्ये पहिल्याच टॅबवर टेक्स्ट रॅपिंग 'अराउंड' झालं असेल, ते 'नन' करा.

आणि टेबलनंतर एक कोरं पान येतं, कितीही बॅकस्पेस मारा जात नाही, हे विचारणारे तर खूपच आहेत. वर्डला टेबलनंतर एक पॅराग्राफ लागतोच, तो डिलीट होत नाही. कर्सर त्या पानावर न्या, कंट्रोल डी, फॉन्ट साइज १, आणि पॅराग्राफमध्ये त्या ओळीच्या आधीचं आणि नंतरचं स्पेसिंग शून्य. ती ओळ मागच्या पानावर सरकते आणि कोरं पान जातं. एवढं करूनही कोरं पान तसंच राहिलं तर कंट्रोल शिफ्ट ८ दाबून पॅराग्राफ, स्पेस वगैरेच्या लपलेल्या खुणा चालू करा आणि तिथे काय काय दिसतंय ते मला कमेंटमध्ये लिहा.