भ्यूंडारचा तेरडा

(हरिद्वार स्थानक, पहाट)
मुंबई सोडली तेव्हा पाऊस होता, हरिद्वारला उतरलो तेव्हाही पाऊसच. 'ऑगस्टमध्ये कोणी हिमालयात जातं का?' हे घरोघरी ऐकून निघालेली ही मंडळी. पण व्हॅली ऑफ फ्लॉवर्स फुलते ती पावसातच, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. दरडीही याच दिवसांत कोसळतात.

(जोशीमठ रस्ता, थांबलेल्या गाड्यांची रांग)
ही त्यातलीच एक.

(पुलना, खेचरं, कंडीवाले)
गोविंदघाटहून जीप पुलन्यापर्यंत येते. पुढे लक्ष्मणगंगेच्या कडेने घांगरियापर्यंत साधारण दहा किलोमीटर चढण. वाटेवरचे बहुतेक जण हेमकुंड साहिबला निघालेले शीख यात्रेकरू, फुलांसाठी आलेले थोडेच. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी खेचर, नाहीतर कंडी: वेताची टोपली, तिच्यात एक माणूस बसलेला आणि दुसऱ्याने ती पाठीवर घेतलेली. 2013 च्या जूनमधल्या पुराने भ्यूंडार गावाची वाताहत केली, वाटही बदलावी लागली.

(पुष्पावतीवरचा पूल, भोजपत्राची झाडं, मग उघडा उतार)
घांगरियाच्या पुढे वाट फुटते. उजवीकडे हेमकुंड, डावीकडे आपण. पूल ओलांडला की दगडी चढ, भोजपत्राची झाडं, आणि मग हे.

(गुलाबी उतार. इथे निवेदन थोडं थांबावं.)

हा गुलाबी रंग तेरड्याचा. गौरींच्या दिवसांत दादरच्या फुलबाजारात जुड्या बांधून विकला जातो, त्याचाच हिमालयातला भाऊ, पण उंचीने छातीपर्यंत. मधूनमधून निळी खसखस दिसते. ती मात्र खडकांत, एकेकटी.

1931 मध्ये कामेट शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती याच खोऱ्यात उतरले. 1937 मध्ये स्माइथ फुलं गोळा करायला परत आले, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं आणि खोऱ्याचं इंग्रजी नाव जगभर झालं. 'शोध लावला' असं म्हणायची पद्धत आहे. भ्यूंडारचे लोक तेव्हाही इथे मेंढ्या चारत होते.

(दगडी समाधी)
जोन मार्गारेट लेग. फुलांचे नमुने जमवताना 1939 मध्ये इथे कड्यावरून पडून गेल्या.

(उतारावर वाकलेली माणसं)
आता नीट बघा, ही माणसं काय करताहेत.

1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव आलं. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरमध्ये आज एकही मेंढी नाही. आणि हे जे पांढरे तुरे पडद्यावर छान दिसताहेत, ते पॉलिगोनमचे. हे झुडूप इथलंच, बाहेरून आलेलं नाही. पण एकदा माजलं की माणसाच्या खांद्याला लागतं, खाली सावली धरतं आणि बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही. मेंढ्या गेल्या म्हणून ते फोफावलं, असं गावकरी सांगतात, काही वनस्पतिशास्त्रज्ञही. दुसरे म्हणतात, कारण चराईबंदी नव्हे. दरड कोसळून माती उघडी पडली की हे झुडूप तिथे आधी पोचतं. कासच्या पठारावर कुंपण घातलं तेव्हा आपल्याकडेही असाच वाद झाला होता. आमचा कल गावकऱ्यांकडे आहे, हे लपवत नाही.

वाद काहीही असो, उपटायचं काम माणसांच्या हातांवर आलं. बी धरायच्या आत झुडूप काढावं लागतं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं, कारण मूळ जमिनीत आडवं पळतं. म्हणून एक जण बुंधा धरून ओढतो, दुसरा माती मोकळी करतो. शेजारचा तेरडा तुडवायचा नाही. ओल्या उतारावर पाय रोवून हे दिवसभर चालतं, आणि बाजूच्या पायवाटेने आपल्यासारखे लोक फोटो काढत जातात. त्यांतल्या कोणी थांबून विचारलंय, असं आमच्या चित्रणात तरी दिसत नाही.

(उपटलेल्या झुडपांचे ढीग, मागे ढग)
व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी बाहेर पडायचं, पर्यटकांनी आणि मजुरांनीही. ऑक्टोबर संपला की फाटक बंद. जूनमध्ये ते उघडेल तेव्हा जमिनीत राहिलेल्या मुळांना नवे कोंब आलेले असतील, आणि पुन्हा याच उतारांपासून उपटणी.