पाठभेदांना जागा

मंडळी, आपल्या बडोद्यातल्या कमाटीबागेवरून आपण रोज जातो-येतो. १९१७ च्या सप्टेंबरात त्या बागेत एक तरुण अभ्यासक मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या नऊच्या गाडीची वाट पाहत पाच तास बसून होते. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात धाडले होते. परत येऊन ते इथे नोकरीला लागले, तर कचेरीत चपराशी त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

संशोधनाच्या संस्कृतीवर बोला असे मला सांगितले तेव्हा आधी ते पाच तास आठवले. महाराजांनी पैसे दिले होते, गावाने खोली दिली नाही. आज आपल्याकडे प्रवेश मिळतो, फेलोशिप मिळते. पण डभोईहून येणाऱ्या मुलीची शेवटची बस चुकेल अशा वेळी सेमिनार ठेवला, तर तिला प्रवेश देऊन आपण काय साधले?

सगळ्यांना घ्यायला गेलो की दर्जा घसरतो, असे माझे काही सहकारी मनापासून मानतात. मी आयुष्यभर हस्तलिखितांचे काम केले, मला नेमके उलटे दिसले. आपल्या प्राच्य विद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती, सात कांडांत छापली. तिचे कोणतेही पान उघडा. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ, खाली बारीक अक्षरांत न स्वीकारलेले पाठ, म्हणजेच पाठभेद, कोणता कोणत्या पोथीत आहे त्या खुणेसकट. संपादक चुकला असेल तर त्याला पकडायचे साधन त्यानेच वाचकाच्या हाती ठेवले आहे. दर्जा म्हणतात तो हा.

विद्यार्थी असताना मी एका संस्थेत आठ महिने पाठ ताडून पाहण्याचे काम केले. दोन पोथ्या गाइडांच्या मताविरुद्ध जात होत्या. ‘त्या गाळा,’ म्हणाले. मी गाळल्या. लेख छापून आला, नावाजला गेला. त्या दोन पोथ्यांचे पाठ उतरवलेली पत्रके अजून माझ्या कपाटात आहेत, आणि तो लेख कुणी उद्धृत केला की मला वाईट वाटते.

पुढे माझ्या वर्गात छोटा उदेपूरकडची एक विद्यार्थिनी होती. तीन महिने ती एक शब्द बोलली नाही, कारण चर्चा इंग्रजीत चाले. एका दुपारी आम्ही एका जैन पोथीच्या ओळीवर अडलो होतो. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाने एका अक्षरामागचा उभा दंड काना म्हणून वाचला होता, आणि अर्थ काही केल्या लागत नव्हता. ती हळूच गुजरातीत म्हणाली, ‘सर, आ पडिमात्रा छे.’ जुन्या पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अलीकडे उभी रेघ ओढून देत. तो काना आधीच्या अक्षराचा नव्हताच, पुढच्या अक्षराची मात्रा होती. ओळ सरळ लागली. तीन महिने ती असे आणखी काय काय पाहून गप्प बसली असेल, हे मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते.

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सगळे पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती. ती बदलून ‘सगळी माणसे’ असे व्हावे म्हणून त्या भांडल्या, आणि १९४८ साली तसेच छापले गेले. एवढासा पाठभेद!

शोधनिबंधांच्या संख्येबद्दल फार बोलत नाही. पीएच.डी.साठी छापील निबंधाची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच काढली. ‘वरून दबाव आहे’ हे गाइडांनी आता विद्यार्थ्यांना सांगू नये.

माझी मागणी साधी आहे. विभागात एक जाड वही ठेवा. चर्चेत सर्वांत नवा विद्यार्थी आधी बोलेल, मराठी, गुजराती, हिंदी, जमेल त्या भाषेत. गाइडांशी न पटलेले मत ते मांडणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावासकट वहीत लिहा; प्रबंधात ते तळटीपेत येऊ द्या. आणि बैठक दुपारी तीनला ठेवा, डभोईची बस मिळेल अशा बेताने.