जादा इंधनाचा डबा आणि त्याची जागा

अध्यक्ष महोदय आणि बेळगाव, खानापूर, निपाणीहून आलेले मित्रहो, गाडीवर जादा इंधनाचे डबे कसे बांधावेत हा विषय अर्ध्या तासात संपेल असे संयोजकांना वाटते आणि मला तसे वाटत नाही, एवढाच आमच्यातला मतभेद आहे. माझे म्हणणे मात्र एका वाक्यात सांगता येते. भरलेला डबा गाडीच्या जितका खाली आणि जितका मध्याकडे असेल तितका बरा, आणि ज्याला त्याची खरोखर गरज नाही त्याने तो भरूच नये.

गरजेचे आधी पाहू. बेळगावाहून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून पणजी गाठायला साधारण सव्वाशे किलोमीटर पडतात. जिम्नीसारख्या लहान गाडीची टाकीही 40 लिटरची आहे, थारची 57 लिटरची. म्हणजे चढाला, चिखलाला आणि भज्यांच्या गाड्यापाशी उगाच चालू ठेवलेल्या इंजिनाला कितीही उदार वाटा दिला तरी जाऊन परत येता येते. तरीही पावसाळ्यातल्या शनिवारी त्या रस्त्यावर उभे राहिलात, तर मागच्या दरवाज्यावर लाल-हिरवे डबे मिरवणाऱ्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतील. त्यांतले पुष्कळसे डबे रिकामे असतात, हे आपले सुदैव. गोव्यातले पेट्रोल स्वस्त म्हणून येताना ते भरून आणणारेही आहेत. ते या सभागृहात असतील तर त्यांनी हात वर करण्याची गरज नाही. मनाली-लेह मार्गावर तांडीच्या पंपापाशी पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षे होती. तिथे डबा शोभेचा नव्हता.

या डब्याची कथा सांगितल्याशिवाय मी खाली बसत नाही, हे अनेकांना ठाऊक आहे. दाबलेल्या पत्र्याचे दोन अर्धे भाग जोडून केलेला, वर तीन मुठी आणि खटक्याने उघडणारे झाकण असलेला हा 20 लिटरचा डबा 1930 च्या दशकात जर्मन सैन्यासाठी तयार झाला. तीन मुठींमुळे एका माणसाला एका हातात दोन रिकामे डबे धरता येतात, भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो, आणि आत राहणाऱ्या हवेच्या पोकळीमुळे तो पाण्यावर तरंगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात चार गॅलनच्या पातळ डब्यांतून पेट्रोल नेत होते, आणि ते डबे इतके गळत की पेट्रोलाच्या आधी त्याचा वास पोहोचत असावा. हाती लागलेले जर्मन डबे ते सैनिक जिवापाड जपत, यात नवल नाही.

आता या गोष्टीतला आपल्या देशाचा भाग. 1939 साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेसाठी पाणी कशातून न्यावे हा प्रश्न ऐन निघताना उभा राहिला, तेव्हा सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन डबे उचलले आणि मोटारीच्या पोटाखाली बसवले. अकरा देशांच्या सरहद्दी त्यांनी विनातक्रार ओलांडल्या. आपल्याला एकच सीमा किती वर्षे पुरली आहे, ते असो. अर्धा भारत ओलांडल्यावर सहकाऱ्याला मायदेशी परत बोलावण्यात आले, जाताना त्याने डब्याच्या घडणीचा सगळा तपशील प्लाइसच्या हाती दिला, आणि प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोहोचला. ते बेळगावावरून गेले असे ठोकून देण्याचा मोह मला दरवेळी होतो, पण कलकत्त्याला निघालेला माणूस एवढा वळसा घालणार नाही. पुढे त्याने हा डबा अमेरिकी युद्धखात्याला दाखवला, खात्याने आधी तो नाकारला आणि मग तसाच डबा स्वतः बनवला. तेव्हा ही रीत केवळ आपल्याच कचेऱ्यांची नाही. मला यातला एकच तपशील मोलाचा वाटतो, तो हा की त्या दोघांनी डबे टपावर चढवले नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ विषय.

20 लिटर डिझेल साधारण 17 किलो भरते, पेट्रोल 15 किलो, आणि लोखंडी डब्याचे चार-पाच किलो वेगळे. असे दोन डबे टपावर गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि एका बाजूला कललेल्या लाल मातीच्या वाटेवर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. मागच्या दरवाज्यावर आधीच स्टेपनी असते. हात लांब करून धरलेल्या पिशवीसारखे ते वजन प्रत्येक खड्ड्यात बिजागऱ्यांना ओढते, आणि मागून धडक बसली तर ती थेट इंधनावर बसते. पुढचा बंपर याच कारणाने बाद. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असून तळाशी साचते, म्हणून माणसे बसतात तिथे पेट्रोलाचा डबा नको.

उरते ती गाडीची बाजू, मागच्या चाकालगत आणि सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला. पिकअप असेल तर हौद्यात, केबिनला लागून. ब्रॅकेट नुसत्या पत्र्यात न आवळता आतून जाड पट्टी द्यावी, शक्य तिथे आधार चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापर्यंत न्यावा, हादऱ्यांनी सैल न होणारे लॉकनट वापरावेत आणि डब्याखाली रबर घालावे, नाही तर रंग घासून पहिल्याच पावसात गंज धरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम जाणणारे कारागीर आहेत. तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, म्हणून त्यांच्याकडे जाताना डबा घरी ठेवावा. प्लाइससारखे गाडीच्या पोटाखाली मात्र इंधन बांधू नये, कारण त्याच्या डब्यांत पाणी होते आणि आपल्या वाटांत दगड आहेत.

डबा काठोकाठ भरू नये; तापमान 20 अंशांनी वाढले तर 20 लिटर पेट्रोल सुमारे 400 मिलिलिटरने फुगते. भरताना तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विद्युतेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना पेट्रोल बाळगायचे तर लोखंडी डबा घट्ट झाकणाचा आणि 25 लिटरांच्या आतला हवा, तेव्हा खाद्यतेलाचे प्लास्टिकचे कॅन विसरा. टाकीत जागा होताच इंजिन बंद करून इंधन टाकीत ओतावे आणि रिकामा डबा उघड्यावर पूर्ण वाळू द्यावा, कारण उरलेली वाफ भरल्या डब्याहून अधिक धोक्याची असते.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. ब्रॅकेटची मापे हवी असतील त्यांनी खाली माझ्या गाडीपाशी यावे. डबा त्यावर नाही, ब्रॅकेट आहे.