नावापुढची रेघ

आमच्या वंशावळीच्या तक्त्यात आजोबांच्या नावाखाली पाच रेघा उतरतात, त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाखाली तीन. मधल्या भावाच्या नावापुढे ‘अविवाहित’ एवढंच लिहिलंय आणि खाली कागद कोरा. लहानपणी मी विचारलं की आई म्हणायची, “ते तात्या. ते मुंबईला असत.” झालं, संपलं चरित्र.

चार वर्षं मी या तात्यांच्या मागे आहे. त्यातली पहिली दोन फुकट गेली, कारण मी त्यांच्या नावाचे कागद शोधत बसलो. बायको-मुलं नाहीत, जमीन सगळी एकत्र. सातबाऱ्यावर नाव थोरल्या भावाचं आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तात्या त्या तीन अक्षरांच्या पोटात. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका म्हाताऱ्या दस्तलेखकांनी मला वाटेवर आणलं. म्हणाले, “अहो, सडाफटिंग माणसाचा कागद नसतो. दुसऱ्यांच्या कागदांवर बघा, तो तिथे सही करत बसलेला असतो.”

आणि होते की! शेजाऱ्याच्या गहाणखतावर साक्षीदार, चुलत बहिणीच्या लग्नाच्या खर्चाच्या वहीत ‘हस्ते’ म्हणून. १९३४ साली थोरले भाऊ वारले. वहिनी आधीच गेल्या होत्या. तेव्हाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत, तीन पुतण्यांची नावं लागली आणि पुढे लिहिलं, ‘अ. पा. क. चुलता’. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलांचा पालक. तात्या तेव्हा एकतीस वर्षांचे.

आता इथे मोह होतो बघा. पुतण्यांसाठी लग्न केलं नाही, असं लिहून टाकावंसं वाटतं. पण एकतीस हे त्या काळी लग्नाचं वय उलटून गेल्याचंच लक्षण. त्याआधी का नाही केलं? माझ्या एका काकांनी यावर अख्खी प्रेमकथा रचलेली आहे, ती फार चांगली आहे, पण तिला एका चिटोऱ्याचा आधार नाही. कागद तारखा देतो, कारणं देत नाही.

तारखाही जपून घ्याव्यात. शाळेच्या जनरल रजिस्टरात तात्यांचा जन्म १ जूनचा. त्यांच्या मागच्या-पुढच्या चार मुलांचाही १ जूनचाच! गुरुजींनी अंदाजाने वय लावलं की अशी एकगठ्ठा पोरं जन्माला येत. खरी तारीख गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या वहीत सापडली, गाव नमुना चौदा म्हणतात त्याला. तीही मोडीत, आणि मुलाचं नाव नाही, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगा’. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी ही बुकं पुन्हा उघडायला लावली, तेव्हापासून निदान ती कुठल्या कपाटात आहेत हे तरी कळतं. जाताजाता सांगतो, जात पडताळणीला बापाकडच्या रक्ताच्या नात्यातला जुना पुरावा चालतो, त्यात चुलत आजोबाही आले. ज्याचा वंश बुडाला म्हणून हळहळलात, त्याचा शाळेचा दाखला तुमच्या नातवाच्या उपयोगी पडेल.

आमच्याकडे पक्षाच्या दिवशी म्हणायची पितरांची एक यादी आहे, भटजींनी लिहून दिलेली. थोरल्या भावाच्या नावाला ‘सपत्नीकं ससुतं’, म्हणजे बायको-मुलांसह, असं जोडलेलं. तात्यांच्या नावाला काहीच नाही. नुसतं पितृव्यं म्हणजे चुलता, नाव, गोत्र.

सगळ्यात बोलका निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतरचा, १९६१ चा फेरफार. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या कमाईने एकच गोष्ट घेतली होती, बारा कलमी झाडांचा जमिनीचा तुकडा. १९५६ च्या वारसा कायद्याने बायको, मुलं, आईबाप नसले की भाऊ आणि बहिणी सारख्या वाटणीने येतात. म्हणून तलाठ्याने माझ्या आजोबांबरोबर दोन्ही आत्याआजींची नावं लावली, सासरच्या नावागावासकट. वंशावळीत या दोघी नव्हत्याच, मुली म्हणून गाळलेल्या. ज्या पुतण्यांना तात्यांनी वाढवलं, त्यांना मात्र वाटा नाही. भाऊ-बहीण हयात असताना पुतण्याचा नंबर लागत नाही.

त्या पत्त्यावर मी गेलो. धाकट्या आत्याआजींच्या नातसुनेने पत्र्याचा डबा काढला. त्यात भाऊबीजेच्या मनिऑर्डरींची कूपनं, एकोणीस. शिक्के गिरगावचे. मजकुराला जागा ती केवढी! बहुतेकांवर एकच ओळ: ‘रु. ५ पाठविले आहेत, पोच देणे.’ एकावर जास्तीचं: ‘धाकट्याला गोवर आला होता, आता बरा.’ हा धाकटा म्हणजे तिसरा पुतण्या, म्हणजे मुलं मुंबईत त्यांच्याजवळ होती तर.

नाशिकला मात्र उशिरा पोचलो. १९३८ मध्ये आईच्या अस्थी घेऊन तात्या रामकुंडावर गेले होते, एवढं ऐकून होतो. तिथल्या क्षेत्रोपाध्यायांनी, म्हणजे यजमानांच्या वंशाच्या वह्या ठेवणाऱ्या भटजींनी, आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि लांबट वही काढली. पान तात्यांच्या हातचं. आजा, पणजा, बंधू, आणि मग पुतणे: थोरल्या भावाचे तीन, खाली माझ्या आजोबांचे. शेवटचं नाव माझ्या वडिलांचं. ते तेव्हा सहा महिन्यांचे होते, आणि कोतवाल बुकात त्यांची नोंद करायची राहून गेलेली आहे. त्यांचं नाव कागदावर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते या पानावर, तात्यांच्या अक्षरात.